वस्तीतील क्षयरोग आणि एचआयव्ही: संशयापासून उपचार पूर्ण होईपर्यंत काय करावे

हे मार्गदर्शन मुंबईतील कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या पीअर एज्युकेटर (त्यांच्यातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्या) आणि आउटरीच वर्कर (वस्तीत फिरून काम करणारे कार्यकर्ते) यांच्यासाठी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ते घेऊ शकत नाही. क्षयरोग आणि एचआयव्ही या दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, तरीही अनेक बायका उपचारांतून गळतात, आणि ही गळती बहुधा एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवले जाते तेव्हा होते. म्हणून चिठ्ठी हातात देऊन काम संपले असे समजू नये. निदान पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना तरी सोबत जावे.

शरीरात क्षयाचे जंतू शिरले तरी बहुतेकांना आजार होत नाही. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीला आयुष्यभरात तो होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते; एचआयव्ही असून त्यावर उपचार न घेणाऱ्या व्यक्तीला मात्र जवळजवळ तेवढाच धोका दर वर्षी असतो. त्यात वस्तीतील खोल्या लाकडी फळ्यांनी विभागलेल्या आणि खिडक्या बंद असल्या, तर एकीचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो.

विचारण्याची रीत

प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचाराव्यात: खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम. दोन आठवड्यांहून जास्त खोकला ही सर्वांना ठाऊक असलेली खूण एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला लावू नये; तिला कालपासून खोकला असला तरी तपासणीला न्यावे, कारण तिच्यात आजार वेगाने वाढू शकतो. वजनकाटा नसेल तर ब्लाउज किंवा बांगड्या सैल झाल्या का, असे विचारावे. मानेत किंवा काखेत गाठ आहे का, हेही विचारावे, कारण एचआयव्ही असताना क्षयरोग फुप्फुसांबाहेर होण्याचे प्रमाण जास्त असते. हे प्रश्न घरवालीसमोर (कोठा चालवणाऱ्या बाईसमोर) विचारू नयेत आणि संध्याकाळी धंद्याच्या वेळी तर मुळीच विचारू नयेत; दुपारी जेवणानंतरची वेळ सोयीची असते.

नमुना देताना तोंडातील थुंकी नव्हे, तर छातीतून वर आलेला बेडका हवा. सकाळी उठल्यावर तोंड साध्या पाण्याने खुळखुळून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, उघड्या हवेत तो डबीत काढावा. बंद खोलीत कधीही काढू नये. केंद्रावर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवर न थांबता सीबीनाट किंवा ट्रूनॅट या, यंत्राने जंतूंचे जनुक शोधणाऱ्या तपासणीचा आग्रह धरावा. एचआयव्ही असताना बेडक्यात जंतू कमी असू शकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. या तपासण्यांत मात्र थोडे जंतूही सापडतात आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही, हेही कळते. ट्रूनॅट गोव्यातील कंपनीने तयार केले असून ते बॅटरीवर चालते, त्यामुळे लहान केंद्रांतही बसवता येते.

अहवालात जंतू आढळले नाहीत आणि त्रास चालूच आहे, असे असेल तर तो अहवाल शेवटचा मानू नये. छातीचा एक्स-रे, गाठ असल्यास सुईने काढलेल्या पाण्याची तपासणी, आणि सीडी-४ पेशी (एचआयव्हीमुळे घटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) फार कमी असल्यास लघवीतील क्षयजंतूंचा अंश शोधणारी एलएएम तपासणी यांबद्दल एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. एक्स-रे स्वच्छ दिसला तरी क्षयरोग नाही असे खात्रीने म्हणता येत नाही.

उलट दिशेचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे: क्षयरोगाचे निदान झालेल्या प्रत्येक बाईची एचआयव्ही तपासणी व्हायला हवी. मात्र ती तिच्या संमतीनेच होते. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणे किंवा निकाल इतरांना सांगणे बेकायदेशीर आहे. घरवालीला क्षयरोगाबद्दल सांगायचे की नाही, हे ती बाई ठरवील. एचआयव्हीचा शब्द आपल्या तोंडून निघता कामा नये.

औषधांचा क्रम

दोन्ही आजार एकदम कळले तर आधी क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि ती सोसवू लागली की साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू केली जाते. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात मात्र डॉक्टर एआरटी मुद्दाम काही आठवडे पुढे ढकलतात, म्हणून या उशिराबद्दल केंद्राशी वाद घालू नये. जी बाई आधीपासून एआरटी घेत आहे, तिने ती थांबवायची नसते.

यातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरील औषधाची आहे. क्षयरोगाच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्राविर लवकर मोडून टाकते, त्यामुळे रोजच्या टीएलडी गोळीखेरीज (डोल्युटेग्राविरसह तीन औषधांची एकत्र गोळी) ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवावी लागते. केंद्रातून परतताना ही दुसरी गोळी पिशवीत आहे का, हे कार्यकर्त्याने स्वतः पाहावे. रात्री उशिरापर्यंत काम आणि दुपारपर्यंत झोप, असा दिनक्रम असलेल्या बाईला ‘सकाळी आणि संध्याकाळी’ या सूचनेचा काही उपयोग नसतो. तिच्या उठण्याची आणि कामाला बसण्याची वेळ विचारून गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून त्याप्रमाणे ठरवून घ्याव्यात.

रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. ही माहिती अनेकदा कोणीच देत नाही, म्हणून निरोध चालू ठेवण्यास सांगून तांबीसारख्या पर्यायाबद्दल डॉक्टरांशी बोलणे घडवून आणावे. लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगावे. नाहीतर घाबरून औषध सोडले जाते. हातापायांना मुंग्या आल्यास बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते का ते पाहावे. सतत उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा किंवा नजर धूसर होणे यांपैकी काही दिसल्यास मात्र त्याच दिवशी केंद्र गाठावे. दारू पूर्ण सोडा, असे दरडावल्यास बाई खरे सांगणे बंद करते. किती आणि केव्हा पिते हे शांतपणे विचारून यकृताच्या तपासणीची निकड डॉक्टरांना कळवावी.

एआरटी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत ताप परत येतो किंवा गाठी वाढतात, असेही होते. प्रतिकारशक्ती सावरू लागल्याने ती लपलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि हा त्रास होतो. बाईला वाटते की औषधच बाधले. अशा वेळी कोणतेही औषध न थांबवता डॉक्टरांना दाखवावे.

सहा महिने टिकवणे

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. एचआयव्ही असलेल्यांना दोन्ही आजारांची औषधे एआरटी केंद्रातच मिळण्याची सोय आहे. ती वापरली तर फेऱ्या वाचतात. जत्रेला किंवा आजारी आईसाठी बाई गावी निघाली, तर औषधे सोबत द्यावीत आणि निक्षय क्रमांक (सरकारी क्षयरोग नोंदणीतील तिचा क्रमांक) लिहून द्यावा, म्हणजे तिथल्या केंद्रात नोंद वर्ग करता येते. हा क्रमांक आपल्या वहीतही असावा. अडचण आल्यास क्षयरोगासाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे मोफत क्रमांक आहेत.

क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, परंतु ते बँक खात्यात जमा होतात आणि नेमके तिथेच गाडे अडते. पत्त्याचा पुरावा नसलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्याच्या आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. उपचार सुरू होताच हे काम हाती घ्यावे, कारण कागदपत्रांना उपचारांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

खोलीतील इतर बायका आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी. एचआयव्ही असलेल्या ज्या बाईला क्षयरोगाची कोणतीही खूण नाही, तिला प्रतिबंधक उपचार मिळतो: आयसोनियाझिड हे औषध सहा महिने रोज, किंवा तेच रिफापेंटिन या दुसऱ्या औषधासह आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. भांडी-ताट वेगळे करण्याची गरज नाही, कारण हा आजार हवेतून पसरतो; खिडकी उघडी ठेवणे आणि खोकताना पदर तोंडावर धरणे याचा उपयोग होतो. घरवालीला हे समजले तर बाईला घराबाहेर काढण्याची घाई बहुधा टळते.

उपचार संपल्यावर एआरटी आयुष्यभर चालूच राहते आणि क्षयरोग उलटला नाही ना, हे पाहण्यासाठी ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. या चारही तारखा उपचार संपला त्याच दिवशी वहीत लिहून ठेवाव्यात.