मागचे शॉक बदलताना बोल्ट तुटला तर

गाडीचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलणं तसं सोपं काम. वेळ खातात ते गंजलेले बोल्ट. म्हणून आदल्या रात्रीच तारेच्या ब्रशने आटे घासून त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. खोलताना पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, गंजाची पकड तिथेच सुटते. मग अर्धा फेरा खोला, पाव फेरा मागे, असं करत या. सहा कोनी गोटीच (सॉकेट) वापरा. बारा कोनी गोटी गंजलेलं डोकं गोल करून टाकते.

तरीही तुटलाच, तर घाई नको. तुटलेल्या टोकाच्या बरोबर मध्यावर पंच मारा आणि उलट्या आट्याच्या, म्हणजे बोल्ट खोलायच्या दिशेने फिरत कापणाऱ्या, ड्रिल बिटने भोक पाडा. बऱ्याचदा भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. ईझी-आउटवर (तुटलेला बोल्ट आतून पकडून फिरवायचं हत्यार) माझा फारसा भरवसा नाही: ते कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साध्या ड्रिलने कापलं जात नाही.

गॅसची ज्योत शॉकजवळ अजिबात नको. आत तेल असतं, कित्येकदा दाबाखालचा वायूही. शिवाय ब्रेकची नळी आणि इंधनाची टाकी जवळच असते.

नवा बोल्ट जुन्याच ग्रेडचा घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची नळी) असलेले बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतं.