जायफळ, लवंग, दालचिनीच्या खोडावरची बुरशी: आधी चाकू, मग बोर्डो पेस्ट

झाडाची एखादीच फांदी वाळू लागली, की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. जिथून वाळायला सुरुवात झाली, तिथली साल नीट बघा. पावसाळ्यात फांद्यांच्या बेचक्यात आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि नंतर फिकट गुलाबी थर दिसला, तर तो गुलाबी रोग. बुंध्याशी साल काळपट होऊन तिथून चिकट द्रव पाझरत असेल, तर बहुधा फायटोफ्थोरा, म्हणजे साल कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. हा फरक ओळखायलाच हवा, कारण फायटोफ्थोरावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही. त्यासाठी मेटालॅक्झिल व मॅन्कोझेबचे मिश्रण वापरतात, आणि बुंध्याशी साचणारे पाणी चर काढून बाहेर घालवावे लागते.

कोरडा दिवस पाहून कामाला लागा. वाळलेली फांदी रोगट भागाच्या खाली, निरोगी लाकडात कापा आणि जाळून टाका. खोडावरची रोगट साल धारदार चाकूने तासा. तपकिरी रेघ संपून स्वच्छ, ताजी साल लागेपर्यंत हात थांबवू नका. थोडी रोगट साल राहिली तरी वरचा लेप वाया जातो. पुढच्या झाडाकडे जाण्याआधी चाकू स्पिरिटने पुसा.

आता १० टक्के बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा, गाळा आणि अर्धा लिटर करा. चुना विरताना उकळतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा. निवल्यावर मोरचुदाचे पाणी चुन्यात हळूहळू ओता, ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत, लोखंडाची अजिबात नकोत. घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून बघा: त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. नाहीतर झाड भाजते.

ही पेस्ट ब्रशने जखमेवर आणि कडेच्या निरोगी सालीवर लावा. त्याच दिवशी संपवा, शिळी झाली की गुण जातो.

फवारणीला हेच प्रमाण १० लिटर पाण्यात घ्या, म्हणजे १ टक्का मिश्रण होते. पावसाळा सुरू होण्याआधी एक फवारणी करा, पुढच्या उघडिपीत गरजेप्रमाणे. हातमोजे, मास्क, चष्मा घाला. विकतच्या औषधाची मात्रा आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ लेबलवर असतो, तो पाळाच; हे पीक थेट लोकांच्या जेवणात जाते.