फ्लॅट घेताना खिडक्या मोजा

माहितीपत्रकावर ‘ग्रीन होम’ छापलेलं असतं आणि पानभर झाडं असतात. मी साईटवर उभं राहून काम बघणारा माणूस. मला झाडं दाखवू नका, खिडकीचं माप सांगा.

घरात उष्णता कमी शिरावी आणि वीज वाचावी म्हणून ऊर्जा दक्षता ब्युरोची (बीईई) नियमावली, इको-निवास संहिता, 2018 साली आली. तिचा पहिला भाग भिंती, छत आणि खिडक्यांबद्दल आहे. तो 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी लिहिलाय, पण त्यातली गणितं लहान बंगल्यालाही तितकीच खरी आहेत. तुमच्याकडे ती सक्तीची आहे का, हे आर्किटेक्टला विचारा. हिशोब मात्र स्वतः करा, एक संध्याकाळ पुरते.

सुरुवात वाऱ्यापासून. खिडक्यांचा उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या किती टक्के असावा, हे हवामानावर ठरतं. मुंबईसारख्या उष्ण-दमट भागात किमान 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. नागपूरच्या संमिश्र हवामानात 12.5. कॉरिडॉरमध्ये उघडणारं दार यात धरायचं नाही, उघड्या बाल्कनीचं धरायचं.

समजा मुंबईत 50 चौरस मीटरचा फ्लॅट आहे. 8.33 चौरस मीटर उघडं हवं. नकाशावर हॉलची खिडकी 1.8 बाय 1.2 मीटर, दोन बेडरूमच्या 1.5 बाय 1.2, किचनची 1.2 बाय 1, बाल्कनीचं दार 1.8 बाय 2.1. बेरीज 10.74. झालं, पास!

थांबा. हे सगळं दोन ट्रॅकचं स्लायडिंग आहे. एक पल्ला कायम दुसऱ्यावर बसतो, म्हणून संहिता निम्मंच क्षेत्र धरते. उरलं 5.37. नापास. तीन ट्रॅक असतील तर 67 टक्के मिळतात, म्हणजे 7.2, तरीही कमीच. बिजागरीवर उघडणाऱ्या पल्ल्यांना 90 टक्के मिळतात आणि त्याच चौकटींत 9.67 होतात. खिडकीचं माप तेच, भिंत तीच. संहिता हे प्रमाण प्रकल्पातल्या सगळ्या सदनिका मिळून बघते, पण राहायचं तुम्हाला तुमच्याच फ्लॅटमध्ये आहे, म्हणून तुमचा वेगळा काढा. पल्ले बाहेर उघडले की ग्रिल आडवी येते, ही तक्रार रास्त आहे. ग्रिलची जागा चौकटी बसायच्या आधीच ठरवून घ्या.

काचेचं लवकर आटोपतो. बाहेरच्या भिंतीत काच 30 टक्क्यांपर्यंत असेल, तर तिच्यातून किमान 27 टक्के उजेड आत यायला हवा. ऊन अडवायला काळीकुट्ट काच लावून भरदुपारी ट्यूब पेटवायची, यात शहाणपण नाही. दक्षिणेला छज्जा चांगलं काम करतो. पश्चिमेला सूर्य खाली आलेला असतो, तिथे बाहेरून लावलेली झडपच हवी.

भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा एकत्रित आकडा म्हणजे आरईटीव्ही. थंड प्रदेश सोडून त्याची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट. तो हाताने काढत बसू नका, आर्किटेक्टकडून लेखी मागा. छत त्यात येत नाही.

वरचा मजला घेत असाल तर छताचं वेगळं विचारा. यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती झिरपते त्याचं माप, 1.2 च्या आत हवी. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी झिरपते. 150 मिमी स्लॅब आणि 100 मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) धरून ती साधारण 2.3 येते, म्हणजे जवळपास दुप्पट. कोबा जाड करून फार फरक पडत नाही, वजन मात्र वाढतं. वॉटरप्रूफिंगवर 25 मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम) टाकली तर आकडा 0.9 च्या आसपास उतरतो. वरून जाळी घालून स्क्रीड (सिमेंटचा थर) आणि पांढरा चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे).

शीट अंथरली त्या दिवशी टेप लावून जाडीचा फोटो काढून ठेवा. स्क्रीड पडल्यावर खाली 25 मिमी आहे की 12, हे कुणालाच दाखवता येत नाही.