पाचशे फुटांचं घर आणि मालमत्ता कर

मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत (४६.४५ चौरस मीटर) कार्पेट एरिया (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) असलेल्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. जाहिरातीतला 'सुपर बिल्टअप'चा, म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून दिलेला आकडा इथं धरू नका. गाळा किंवा ऑफिस कितीही लहान असो, माफी नाही. खरी गोम सोसायटीत. महापालिकेचं बिल बहुधा सोसायटीच्या नावानं येतं, म्हणून लहान फ्लॅट असेल तर मेंटेनन्स बिलात मालमत्ता कराची रक्कम अजून लावली जातेय का, ते बघा. लावली असेल तर सेक्रेटरींना लेखी विचारा आणि अर्जावर पोच घ्याच. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.