‘बाळ सुखरूप आहे ना!’ एवढ्यावर थांबू नका: अवघड बाळंतपणानंतर या चुका टाळा

माझी धाकटी जाऊ बाळंत होऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी आली, तेव्हा ओवाळायला मीच पुढे होते. बाळ पावणेतीन किलोचे, रडणे खणखणीत. तिचा रक्तस्राव मात्र थांबत नव्हता म्हणून मध्यरात्री एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात 108 ने हलवावे लागले होते. तिच्या कपाळाला कुंकू लावत मी म्हणाले, “देवाने राखले गो. बाळ सुखरूप आहे ना, मग झाले!” तिने मान हलवली. त्यानंतर दोन महिने तिने त्या रात्रीबद्दल एक अक्षर काढले नाही. तिचे तोंड माझ्याच वाक्याने बंद झाले होते, हे मला फार उशिरा कळले.

बाळाच्या वजनावरून आईची तब्येत ठरवू नका

हे वाक्य आपण धीर द्यायला बोलतो. ऐकणारीला त्याचा अर्थ लागतो तो असा, की बाळ ठीक आहे, तेव्हा तुझ्या भीतीचा विषय संपला. पुढे जाऊबाईने मला विचारलेच, “वयनी, मी मेले असते तर? ते कोणीच का बोलत नाही?”

धसका केसपेपरवर दिसत नाही. कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेल्या बाळंतपणातही एखादीला आपण आता जातो असे वाटलेले असते. न सांगता वरचेवर आतून तपासलेले असते, ओरडल्याबद्दल बोलणी खावी लागलेली असतात, पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकललेले असते. (असा जोर देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या प्रसूतीविषयक शिफारशींत सांगितले आहे.) उलट तातडीचे सिझर झालेली दुसरी एखादी शांत असते, कारण कोणीतरी तिचा हात धरून पुढे काय होणार ते सांगत होते. मरणाची भीती, हतबलता आणि ‘माझे कोणी ऐकतच नाही’ ही भावना, यांतून जखम होते. टाके किती पडले यावर ती ठरत नाही.

म्हणून ‘सगळ्यांकच जाता गो’, ‘आमच्या वेळी तर घरीच व्हायची’, ‘निदान मूल तरी हाताला लागले’ ही वाक्ये गिळून टाका. बारशाला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावण्याआधी विचारते, “नॉर्मल की सिझर?” या प्रश्नाचे उत्तर घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावे आणि विषय बदलावा. मी मग दारातच सांगू लागले, “बाळंतपण जड गेले, तिला विचारू नका.” बायका समजून घेतात.

तिच्याशी बोलताना एवढेच पुरते: “तुझ्यावर फार मोठे बेतले. तुला सांगावेसे वाटेल तेव्हा मी आहे.”

मन मोकळे कर म्हणून मागे लागू नका

माझी दुसरी चूक पहिलीच्या नेमकी उलट होती. आपले चुकले हे कळल्यावर मी रोज दुपारी तिच्यापाशी बसून खोदून विचारू लागले. ती रात्री दचकून उठू लागली. रडून घेतले की हलके वाटते, असे आपण मानतो. पण नुकत्याच बसलेल्या धसक्यानंतर एकाच बैठकीत सगळे पुन्हा जगायला लावण्याने फायदा होत नाही, आणि तसे करू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे सांगणे आहे. तिने स्वतःहून काढले तर ऐका. मध्येच थांबली तर थांबू द्या. ‘डॉक्टर तरी काय करणार’ असा कोणाचा बचाव करू नका आणि इस्पितळाला शिव्याही घालू नका. तिला त्या घटकेला तुमचा निकाल नको असतो.

न विचारता हात लावू नका

याबद्दल मी सर्वांत जास्त कळकळीने लिहिते आहे, कारण आपल्या घरांत हे प्रेमापोटी घडते. बाळंतीण म्हणजे जणू घराची सामाईक वस्तू. न्हाऊ घालणारी बाई येते, कढत पाण्याचे तांबे ओतते, पोट चोळते, करकचून बांधते. दूध येत नाही म्हणून सासू छाती दाबून बघते. ज्या बाईला चार दिवसांपूर्वी हातपाय धरून टेबलावर झोपवले होते, तिच्या अंगाला हे हात तेच हात वाटू शकतात. ती ओरडत नाही. नुसती ताठ होते, नजर छताला लावते. आमच्याकडे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते आणि आम्ही म्हणत होतो, किती शहाण्यासारखी न्हाऊन घेते!

प्रत्येक वेळी विचारा: “पाठीला तेल लावू का? की तूच लावतेस?” आणि ‘नको’ म्हणाली तर ते खरेच नको असू द्या. बाळाला पाजायला घेताना, टाके बघताना, ओटी भरतानासुद्धा. तिचे शरीर पुन्हा तिच्या ताब्यात येण्याची सुरुवात अशा लहान होकार-नकारांपासून होते.

नवऱ्यांसाठी स्पष्टच लिहिते. दीड महिना झाला, म्हणजे जवळ यायला ती तयार झाली असे नव्हे. तिने म्हटल्याशिवाय नाही. आणि दाराबाहेर उभे राहून ज्याने सगळे ऐकले, त्यालाही धसका बसू शकतो. त्याच्याशीही कोणीतरी बोलावे.

‘ओली बाळंतीण आहे, होईल बरी’ म्हणून दिवस ढकलू नका

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे हे पुष्कळजणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, कशातच मन लागेनासे झाले, तर ते नैराश्य असू शकते. याचे प्रमाण गोव्यातच मोजले गेले आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. नवऱ्याचा मार, गरिबी आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, यांनी धोका वाढत होता.

धसक्याची लक्षणे थोडी वेगळी असतात. ती रात्र डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहणे, त्याचीच स्वप्ने, फिनाइलचा वास किंवा सायरन आला की छातीत धडधड, बाळ झोपले तरी डोळा न लागणे, तो विषयच टाळणे. महिना उलटूनही हे चालू असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली नैराश्य हेरण्यासाठी आहे. तिच्यात गुण कमी आले म्हणून धसका नाही असे समजू नका. त्या लक्षणांबद्दल वेगळे सांगावे लागते.

उपचार आहेत. धसक्यावर काम करणारी समुपदेशनाची खास पद्धत आहे, आणि गरज पडली तर अंगावर पाजत असताना घेता येणारी औषधेही आहेत. डॉक्टरांना न विचारता औषध किंवा पाजणे बंद करू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला लोक बिचकतात. घरून निघवत नसेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी) चोवीस तास, फुकट बोलता येते. आमच्या घरी भीती होती की तिला भरती केले तर बाळाची ताटातूट होईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उलट आहे: तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करायचे नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. पहिल्या काही आठवड्यांत ती अचानक असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, दोन-दोन रात्री न झोपता येरझारा घालू लागली किंवा स्वतःला वा बाळाला संपवण्याचे बोलली, तर देव्हाऱ्यापुढे कौल लावत बसू नका. तिला एकटी सोडू नका आणि लगेच 108 बोलवा.

अडते तिथे काय करावे

*इस्पितळाचे नाव काढले की थरथरते.* दीड महिन्याची लस त्याच इमारतीत द्यायला हवी असे नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात द्या. तिची स्वतःची तपासणी टळू देऊ नका, पण वेळ आधी ठरवून, सोबत घेऊन, रांगेत ताटकळत न ठेवता.

*बाळाला घेत नाही.* टोमणा मारू नका. बाळ बघून तिला ती रात्र आठवत असेल. तुम्ही बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसा, मांडीवर टाकण्याची घाई करू नका.

*‘नेमके काय झाले ते कळलेच नाही’ म्हणते.* केसपेपरची प्रत मागा. अर्ज केल्यावर 72 तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठी 2002 चा नियम आहे. कागद आधी तुम्ही वाचा, तिने मागितले तेव्हाच दाखवा. जाऊबाईने वहीत अकरा प्रश्न लिहिले होते. एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून एकेकाचे उत्तर दिले. त्या रात्री ती पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

*दुसऱ्या मुलाचा विषय.* घरात कोणी काढायचाच नाही. तिने काढला तर पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत आधीचे सगळे सांगायचे, आणि प्रसूतीच्या वेळी सोबत हवी हेही. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ही सोबत धरलेली आहे.

वाढदिवसाची तारीख

घराला तो बाळाचा पहिला वाढदिवस. तिला ती तारीख दुसऱ्याच कशाची तरी असते, आणि महिना आधीपासून तिचे चित्त थाऱ्यावर नसते. आम्ही फुगे-केक दोन दिवस पुढे ढकलले, पाहुण्यांना कारण सांगितले नाही. वाढदिवसाच्या रात्री, वर्षापूर्वी ज्या वेळेला तिला गाडीत घातले होते, त्या वेळेला ती जागीच होती. मी चहा केला. आम्ही दोघी पडवीत बसलो, बाळ आत झोपले होते. ती बोलायला लागली तेव्हा मी मध्ये एकदाही ‘पण’ म्हणाले नाही.