पर्शियनचं पिल्लू घेताय? आधी त्याच्या आईला भेटा

पुण्यात माझं मांजरांच्या ग्रूमिंगचं छोटं दुकान आहे. येणाऱ्या मांजरांत पर्शियनच जास्त. लोक मोबाइलवर पिल्लाचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "दादा, घेऊ का?" फोटो बघून काय सांगणार? त्या वयात सगळीच पिल्लं गोड दिसतात. मी उलट विचारतो, आई पाहिलीत का?

आई बघायचीच, आणि ती राहते त्या खोलीत जाऊन. "ती दुसऱ्या घरी असते" असं उत्तर आलं की चप्पल घालून निघायचं. पिल्लांना पाजून मांजरी थोडी रोडावलेली आणि केस गळालेली असणारच, त्याला घाबरू नका. पण तिच्या कानामागे आणि काखेत बोटं घालून बघा. घट्ट गाठी हाताला लागल्या तर त्या घरात कंगवा फिरत नाही. मग तिचा श्वास ऐका. नाकपुड्या अगदी चिरेएवढ्या, नाक डोळ्यांच्या मध्ये चढलेलं आणि स्वस्थ बसूनही घरघर, अशा मांजरीची पिल्लं एप्रिल-मे महिन्यांत धापा टाकतात. विकणारे याला ‘पंच फेस’ म्हणतात आणि वर जास्त पैसे लावतात. मी नाक थोडं पुढे असलेला ‘डॉल फेस’च घ्या म्हणतो. ‘ट्रिपल कोट’ म्हणजे केसांचे तीन थर सांगून विकतात, त्यासाठी तर एक रुपयाही वाढवू नका. सीएफए म्हणा की टीआयसीए, मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या या संस्थांच्या नोंदीत असा प्रकारच नाही.

हे तिचं कितवं वेत, हेही विचारा. म्हैस घेताना शेतकरी विचारतो तसंच. युरोपातल्या ‘फिफे’ या मांजरांच्या संघटनेच्या नियमाने २४ महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेतं सहसा चालत नाहीत. आपल्याकडे असा धाक कुणाचा नाही. कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी केंद्राचे नियम २०१७ साली आले, त्यात मांजरं नाहीत. म्हणजे चौकशी तुमची तुम्हालाच करायची आहे.

पुढचा प्रश्न पीकेडीचा. पर्शियनमध्ये हा किडनीचा आजार आनुवंशिक आहे. किडनीत पाण्याच्या गाठी हळूहळू वाढतात आणि त्रास दिसायला बहुतेकदा सहा-सात वर्षं जातात, तोवर मांजर घरचं माणूस झालेलं असतं. आई-बापांपैकी एकात जरी दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. गालाच्या आतून स्वॅब घेऊन डीएनए टेस्ट होते. दोघांचे निगेटिव्ह रिपोर्ट समोर ठेवणारा ब्रीडर मिळाला तर पाच-दहा हजार जास्त गेले तरी मी चालवून घेईन. "आमच्याकडे कधी कुणाला झालं नाही" हा रिपोर्ट नव्हे.

आता पिल्लू उचला. वजनकाटा सोबत न्या, स्वयंपाकघरातला चालेल. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण आठशे-नऊशे ग्रॅम भरतं. ‘दोन महिन्यांचं’ म्हणून दिलेलं पिल्लू पाचशे ग्रॅमच भरलं, तर एकतर ते आजारी आहे किंवा त्याचं वय खोटं सांगितलंय. खरं तर बारा आठवडे ते आईजवळच हवं. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. ट्रायकॅटच्या, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरच्या एकत्र लशीचं कार्ड बघा: बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने ‘डन’ लिहिलेलं कार्ड मी मोजतच नाही.

कानांच्या कडा, हनुवटी, पंजे आणि शेपटीचं टोक नीट उजेडात बघा. रुपयाएवढी टक्कल, त्यावर कोंडा, तुटके केस दिसले तर बहुधा गजकर्ण. "आईने चाटून केस गेलेत" हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. लांब केसांत बुरशी लपून राहते, एकाला झाली की खोलीभर पसरते आणि घरातल्या पोरांच्या हातांवरही उठते. बरं व्हायला महिने लागतात. एका पिल्लावर दिसलं तर त्या वेतातलं कुठलंच घेऊ नका.

पांढरं, निळ्या डोळ्यांचं आवडलं असेल तर त्याच्या मागे उभं राहून किल्ल्या वाजवा. अशांत जन्मजात बहिरी बरीच निघतात. आणि दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड मुळीच नको. ज्या जनुकाने कान दुमडतो त्यानेच सांधे दुखतात.

चांगला ब्रीडर तुमचीही उलटतपासणी घेतो. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरात कोण असतं, नसबंदी करणार ना? राग मानू नका. याउलट "आज अॅडव्हान्स टाका, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो" म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. डिकीतल्या खोक्यातून आलेली पिल्लं मी टेबलावर घेतली आहेत.

व्यवहार कागदावर हवा: दोन-तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांना दाखवल्यावर आजार निघाला तर पैसे परत, असं स्पष्ट लिहून घ्या. आणायला जाताना कॅरियर न्या. ते खातं तेच खाणं आठवडाभर पुरेल एवढं आणि त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली मूठभर वापरलेली लिटर, म्हणजे वाळू, मागून घ्या. नवीन ट्रेमध्ये ती टाकली की शू कुठे करायची ते त्याला वासानेच कळतं.