लिम्फोसाइट ओळखताय? या चुका टाळा

‘गोल, जांभळा ठिपका म्हणजे लिम्फोसाइट’ हे हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्याच्या) पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये पाठ होतं. लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. लिम्फ नोडच्या (लसिका गाठीच्या) स्लाइडवर मात्र हेच पाठांतर नडतं, कारण तिथे जिकडे पाहावं तिकडे जांभळे ठिपकेच!

स्लाइड लावल्या लावल्या 40 एक्सवर (40 पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर) जाऊ नका. आधी 4 एक्सवर आपण कुठल्या अवयवात आहोत ते ठरवा. कॅप्सूलच्या (बाहेरच्या आवरणाच्या) लगेच खाली सायनस, म्हणजे लसिकेची पोकळी, असेल तर लिम्फ नोड. वरून स्क्वॅमस एपिथेलियम (चपट्या पेशींचं अस्तर) आत क्रिप्टमध्ये, म्हणजे खोल खाचांमध्ये, शिरलेलं असेल तर टॉन्सिल. हॅसल कॉर्पसल (चपट्या पेशींची एकात एक गुंडाळलेली गुलाबी वर्तुळं) दिसले तर थायमस. प्लीहेत गंमत अशी, की ‘पांढरा’ पल्प, म्हणजे लिम्फोसाइटनी भरलेला भाग, एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) या नेहमीच्या स्टेनमध्ये चांगला जांभळा दिसतो. नावावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जर्मिनल सेंटरवर, म्हणजे फॉलिकलच्या (लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्याच्या) मधल्या भागावर. मधला भाग फिकट, म्हणून तिथे लिम्फोसाइट नाहीत असं ठोकून देणारे दर बॅचला भेटतात. खरं तर तिथे बी लिम्फोसाइटच भराभर विभागत असतात. त्यांचं केंद्रक मोठं आणि क्रोमॅटिन (केंद्रकातलं डीएनए-प्रथिनांचं द्रव्य) मोकळं, म्हणून रंग फिका. भोवतीच्या गडद कड्यात, म्हणजे मॅन्टल झोनमध्ये, लहान, शांत लिम्फोसाइट दाटीने बसलेले असतात. थोडक्यात, गडद भागात आराम आणि फिकट भागात धावपळ. फिकट भागातच पोटात मेलेल्या पेशींचे तुकडे घेतलेले मॅक्रोफेज (भक्षक पेशी) दिसतात. त्यांना लिम्फोसाइट म्हणू नका.

आकाराचा अंदाज चुकतोय? जवळच्या रक्तवाहिनीतली लाल पेशी मोजपट्टी म्हणून वापरा. लहान लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण तिच्याएवढं असतं आणि सायटोप्लाझमची (केंद्रकाभोवतीच्या द्रव्याची) जेमतेम एक कड दिसते. केंद्रक एका बाजूला सरकलेलं आणि सायटोप्लाझम भरपूर असेल तर ती प्लाझ्मा सेल, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी. लिम्फ नोडच्या मेड्युलाच्या (सगळ्यात आतल्या भागाच्या) कॉर्डमध्ये हमखास सापडते.

एच अँड ईवर एकेका पेशीकडे बोट दाखवून ‘ही टी, ही बी’ सांगू नका. त्यासाठी सीडी3 (टी पेशींची खूण), सीडी20 (बी पेशींची खूण) यांचे इम्युनोस्टेन, म्हणजे अँटिबॉडी वापरून केलेले स्टेन, लागतात. फॉलिकलमध्ये बहुतेक बी आणि पॅराकॉर्टेक्समध्ये (फॉलिकल आणि मेड्युला यांच्या मधल्या पट्ट्यात) बहुतेक टी, एवढंच जागेवरून सांगता येतं.

आणि 10 एक्सवर स्वच्छ दिसणारं 40 एक्सवर काही केल्या फोकस होत नसेल, तर स्लाइड उलटी लागलीय का ते आधी बघा. कव्हरस्लिप वर हवी. सुलटी असूनही धूसरच दिसतंय? मग आधीच्या कुणीतरी 40 एक्सच्या लेन्सला 100 एक्ससाठीचं तेल लावून ठेवलं असेल.